बांधावरची हाळी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा माझी मुलगी अनघा जेवणाआधी इन्सुलिनची सुई भरत होती. माझा चेहरा पाहून ती सुई हातात धरून तशीच खाली बसली. त्याला आता महिना झाला. एवढा जिवाभावाचा मित्र गेला, तरी तू शांत कसा, असं लोक विचारतात. मलाही त्याची लाज वाटते... पण खरं सांगतो, भास्कर आठवला की आधी रडू येत नाही, सुटल्यासारखं वाटतं.

नव्वदच्या दशकात, अनघा प्राथमिक शाळेत असताना, तिला मधुमेह निघाला. आयुष्यभर सुई लागणारा. मी तेव्हा देवळाली कॅम्पात कारकून होतो, घरी येताना बाजारातून तिच्यासाठी पेढे आणायचो. मीच पोरीला हे दिलं, असं धरून बसलो. सुई बायको टोचायची, माझा हात धजत नसे. त्यातच एका नातेवाइकाने औषधी पुडी सुचवली. सुई बंद करा, महिन्यात पोर बरी. मला तेच ऐकायचं होतं. बायकोने रडून भास्करला बोलावलं. तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा.

"अरे, पेढ्यांनी हा आजार होत नाही," तो म्हणाला. "पेढ्यांत एवढी ताकद असती तर निकालाचे पेढे खाऊन आमची स्टाफरूम कधीच आडवी झाली असती."

मला पटेना. मग रविवारी त्याने आम्हाला सायखेड्याला, आपल्या मळ्यावर नेलं. तिथे पाणी सोडायची त्यांची एक रीत होती. मोटर नदीकाठी, वांगी लांब. बांधावरून हाळी द्यायची, मधल्या खोपीपाशी त्याची आई ती पुढे ओरडायची आणि नदीवर भाऊ बटण दाबायचा. भास्करने मला बांधाबाहेर उभं केलं. "दे हाळी. आत पाऊल टाकायचं नाही."

"पाणी सोडा हो..." मी अर्ध्याच आवाजात म्हणालो.

"कोण हाय रे त्यो?" खोपीतून आई ओरडली. "जेवला नाय का?"

पुन्हा ओरडलो. आईने हाळी पुढे दिली. थोड्या वेळाने पाटातून पाणी खळखळत आलं.

"तू मोटरला हात लावलास?" भास्कर म्हणाला. "इन्सुलिनलाही पेशीत शिरावं लागत नाही. पेशीच्या पडद्यावर रिसेप्टर असतो, तो म्हणजे आमची आई. इन्सुलिन बाहेरून त्याला चिकटलं की त्याचं आतलं टोक जागं होतं. ते एका प्रथिनाला उठवतं, ते पुढच्याला... शेवटी साखर आत घेणारी दारं पडद्यावर येतात. अनघाच्या पेशींत ही सगळी माणसं जागेवर आहेत रे. फक्त हाळी देणारं कुणी उरलेलं नाही."

पाणी बंद करायला लावून तो अनघाकडे वळला. "आता तू." ती केवढ्यांदा ओरडली! पाणी पुन्हा आलं.

"बघ, हाळी कोणाची, हे मोटर विचारत नाही. सुईतून आलेली असली तरी चालते. पुडीला मात्र ती देता येत नाही."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी सुई टोचली. अनघा ओरडली, "पाणी सोडा होऽऽ!" ओट्यापाशी पोळ्या लाटणारी बायको म्हणाली, "सोडलं गंऽऽ!" तेव्हापासून आमच्या घरी सुईच्या वेळी हे चालतं. अनघा नोकरीला लागली, तरी सुटलं नाही.

फोन आला त्या दिवशी मात्र भरलेली सुई धरून ती हाळी न देताच बसून राहिली. ताटं वाढलेली होती. मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला आणि सायखेड्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "पाणी सोडा होऽऽ!"

 मग आतून बायकोचा आवाज आला, "सोडलं होऽऽ..."

अनघाने सुई टोचली.