अक्कांच्या घराचा व्यवहार

जळगावच्या ज्या वसाहतीत मी राहतो, तिथे सराफ आहेत, डाळमिलवाले आहेत, पाइपचे विक्रेते, डॉक्टर आणि माझ्यासारखे निवृत्त अधिकारीही आहेत. बहुतेकांची मुले पुण्यात किंवा परदेशात. त्यामुळे वरचे मजले कुलूपबंद आणि फाटके मात्र दरवर्षी अधिक उंच. एकेकाळी येथे ज्वारी डोलत होती, हे सांगितले तर नवे रहिवासी हसतात. भाव विचारला तर गंभीर होतात.

येथे घर विकण्याची एक रीत आहे. कोणत्याही कायद्यात ती सापडणार नाही. गिऱ्हाईक ठरले की वसाहतीच्या मोकळ्या जागेत भरिताचा बेत होतो आणि त्यालाही बोलावले जाते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी येतात आणि बोलता बोलता मूळ गाव, मग गल्ली, मग मामाचे कूळ विचारले जाते. हात धुईपर्यंत निकाल लागलेला असतो. त्यानंतर वसाहतीची समिती ‘ना हरकत’ देते किंवा देत नाही. दलालही त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

माझ्या शेजारच्या अक्कांना घर विकून धुळ्याला लेकीकडे जायचे होते. जिना चढवत नव्हता, एकटेपण सोसवत नव्हते. चाळीसगावकडचे एक अभियंता दांपत्य घर घ्यायला तयार झाले. रीतीप्रमाणे भरीत झाले. समितीचे अध्यक्ष, डाळमिलवाले नाना, गावावरून गल्लीवर आले तेव्हा त्या बाईंनी वांग्याची साल सोलता सोलता शांतपणे सांगितले, “आम्ही बौद्ध आहोत, नाना. सरळ विचारलं असतं तरी सांगितलं असतं. भाकरी गार होतेय तुमची.”

दुसऱ्या दिवसापासून दलाल अक्कांचा फोन उचलेना.

माझा संताप अनावर झाला. ही समिती दिवे, रखवालदार आणि भरीत एवढ्यापुरती आहे. प्रत्येक भूखंड स्वतंत्र आहे, मालकी ज्याची त्याची आहे. मी त्याच दिवशी पत्र लिहिले : कोणत्या तरतुदीखाली परवानगी अडवली, ते सहीनिशी कळवावे. उत्तराऐवजी नाना स्वतः आले. मी अक्कांच्या ओसरीवर बसलो होतो.

“आबा, तुम्ही तर पत्रांचा कारखानाच काढला! जातीचं काही नाही हो. कॉलनीचा भाव पडेल, एवढंच.”

“हेच वाक्य लिहून द्या.”

“असं कुणी लिहून देतं का?”

“जे लिहून देण्याची हिंमत नाही, त्यावर म्हातारीचं घर अडवता? शरम वाटत नाही?”

नाना अक्कांकडे वळले. “अक्का, थोडं थांबा. आपलाच एक पाहुणा आहे, दोन पैसे जास्तच देईल.”

अक्का तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मन्हं घर शे, भाऊ. मी कोणलेबी इकसू. तुन्हा पाव्हना तुन्हा घर ठेव.”

मी आजवर अनेक अर्ज लिहिले. एवढा मुद्देसूद एकही नाही.

दलालाला वगळून आम्ही व्यवहार पुढे नेला. दस्त माझ्या ओळखीच्या वकिलाने तयार केला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक साक्षीदार मी होतो, दुसरा अक्कांचा जावई. अक्कांच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. त्यांनी तो पदराला पुसून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा घेतला.

बाहेर पडताना अभियंत्याने हलक्या आवाजात विचारले, “आबा, समिती नंतर काही काढणार नाही ना?”

“काढू द्या. मी भिंतीपलीकडेच आहे.”

बाईंनी अक्कांना हात धरून गाडीत बसवले. अक्कांनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि मागच्या दाराची कडी कशी उचलून लावायची, ते समजावून सांगू लागल्या.