शोकेसमधली बाटली

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची सोय नाही. दहिवलीच्या घरातला सोफा अजून दुकानाच्या प्लास्टिकमध्ये आहे, उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाय चिकटतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत. काचेचे कप पाहुण्यांसाठी, आणि येणारे पाहुणे त्या कपांच्या लायकीचे नसतात असं बाबांचं मत. हे सगळं मी चालवून घेतलं. ती रेड वाइनची बाटली मात्र माझ्या डोक्यात गेली होती.

बाबा माथेरानच्या एका हॉटेलात वेटर होते. दर हिवाळ्यात येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं आपल्या शेवटच्या खेपेला त्यांना ती दिली. परदेशी, आणि लेबलवरचं साल माझ्या जन्माच्याही आधीचं. चांगल्या दिवशी उघडा, एवढंच ते म्हणाले. बाबांनी टॉवेलात गुंडाळून, मिनीट्रेनमध्ये मांडीवर धरून ती खाली आणली आणि शोकेसमध्ये उभी केली. त्या भिंतीवर दुपारभर ऊन येतं. मे महिन्यात तर बाटली हाताला गरम लागायची. ती आडवी, थंड जागी ठेवतात असं मी कुठंतरी वाचून सांगितलं, तर म्हणाले, ''आडवी ठेवली की लेबल कसं दिसणार?''

आई पोशीरची. माथेरानच्या पायथ्याशी तिचा सगळा जन्म गेला, पण वर हॉटेलात ती कधी टेबलाशी बसली नाही. बाबा सुट्टीवर आले की तांदूळ निवडता निवडता त्यांच्याकडून तिथल्या गोष्टी ऐकायची. वाइन कशी वाढतात ही तिची आवडती. हातावर पांढरा रुमाल, एक हात पाठीमागे. आधी साहेबांना घोटभर द्यायची. त्यांनी चाखून मान हलवली की मग मॅडमना. नाही आवडली तर बदलून आणायची. आणि चांगली असली की मॅडम पहिल्या घोटाला डोळे मिटतात.

घरावर पक्का स्लॅब टाकला त्या दिवशी आई म्हणाली, ''मला बी एकदा तसं वाढा की.''

''थांब गं,'' बाबा म्हणाले. ''जेवढी जुनी होईल, तेवढी भारी.''

मला खोपोलीत नोकरी लागली, तेव्हाही थांब. भावाचं लग्न झालं, नातवाचं बारसं झालं, तरी थांबच. दर वेळी त्यांना याहून मोठा दिवस पुढं दिसायचा. आईनं विचारायचं सोडून दिलं. दिवाळीला बाटली पुसून परत जागेवर ठेवायची, तेवढाच तिचा बाटलीशी संबंध उरला. मला त्या बाटलीचा राग यायचा आणि बाबांचा तर फारच.

यंदा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी जेवणं उरकली आणि मी सरळ सांगितलं, ''आज उघडली नाहीत तर मी मोरीत ओतणार.'' आई आत गेली आणि साडी बदलून आली. तिच्याकडे पाहिल्यावर बाबांना नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी हॉटेलातला जुना ओपनर काढला. बूच अर्ध्यात तुटलं, उरलेल्याचा भुगा बाटलीत पडला. मग चहाच्या गाळणीतून गाळणं आलं. रंग शिळ्या चहाचा. वास मला खुर्चीवरूनच आला, ओल्या गोणपाटाचा. बाबांनाही आला असणार. तरी त्यांनी हातावर नॅपकिन टाकला, पाठ ताठ केली आणि रीतीप्रमाणे घोटभर आधी माझ्या ग्लासात ओतली, कारण चाखायला साहेब म्हणून मीच होते.

मी घोट घेतला. क्षणभर मनुकांसारखं काहीतरी जिभेवर आलं आणि लगेच गेलं. मागे राहिला तो व्हिनेगरचा आंबटपणा आणि कडवट पाणी. त्या मनुकांनी मला जास्त छळलं. म्हणजे ही कधीतरी खरंच चांगली होती. स्लॅबच्या दिवशी असेल, माझ्या नोकरीच्या वेळी असेल. बाबा एक हात पाठीमागे घेऊन माझ्या मानेकडे बघत होते. खोटं बोलायला मला जमलं नाही. मी मान आडवी हलवली.

''सॉरी मॅडम, बदलून आणतो,'' ते म्हणाले.

आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं. ते वळलेसुद्धा, दोन पावलं टाकली आणि बाटली हातात घेऊन शोकेससमोर थांबले. तिथून पुढं कुठं जायचं ते त्यांना सुचेना.

आईनं आपला ग्लास पुढं सरकवला. ''मला वता.''

''अगं, खराब झाली.''

''वता वो. मी काय पाव्हणी हाय, परत पाठवायला?''

ते परत आले. हात पुन्हा पाठीमागे घेतला आणि थेंब न सांडता तिचा ग्लास भरला. आईनं घोट घेतला. तिचा अख्खा चेहरा आक्रसला, तरी तिनं डोळे मिटले, त्यांनी सांगितलं होतं तसे, आणि घोट गिळेपर्यंत उघडले नाहीत.

''वाढलीत छान,'' ती म्हणाली. ''पन लई उशीर केलात तुमी.''