गोळ्यांचे दोन वाटे

भिमाबाई नांदुऱ्याच्या बाजारात भाजी विकते. तिच्याकडे वजनकाटा आहे, पण तो शोभेला. वांग्यांचे, मिरच्यांचे वाटे ती नुसत्या हाताने लावते आणि एका वाट्यात जास्त गेलं असं आजवर कुणाला म्हणता आलेलं नाही. मी तिची शेजारीण, सुवर्णा. माझी जीभ तिखट, कौतुक तिच्यावर सहसा टिकत नाही. पण या बाईने मला तोंडात बोट घालायला लावलं.

तिचा मुलगा अश्वजित पुण्यात मोठमोठ्या पार्ट्यांना लाइटिंगच्या कामावर होता. तिथे त्याला कोकेनची चटक लागली. काम गेलं, तब्येत गेली, पोरगा घरी आला. दारूचं रडगाणं आमच्या गल्लीला नवीन नाही. ही पांढरी भुकटी मात्र कुणी पाहिलेली नव्हती. या व्यसनावर अजून खात्रीचं औषधच नाही म्हणतात. शहरातल्या एका दवाखान्यात डॉक्टर समीक्षा एका औषधाची चाचणी घेत होत्या. अश्वजितने स्वतः नाव दिलं आणि गोळ्यांची बाटली सांभाळायला आईकडे सोपवली. बुडत्याला काडीचा आधार.

डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, "अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, मलाही माहीत नाही. तेव्हाच औषधाचा गुण कळेल."

मला ते पटलं. भिमाबाईला पटलं नाही.

"अन ज्याले रिकामी भेटली, त्याच्या मायनं काय कराव वं?" तिने मला विचारलं. म्हटलं, तू तुझं बघ.

ती कसली बघते! मी केसपेपरच्या रांगेत असताना व्हरांड्यात तिला संग्रामपूरच्या सत्यभामाबाई भेटल्या. त्यांचा मुलगा कुलदीपही याच चाचणीत, त्याचीही बाटली आईकडेच. दोघींनी भाकरी सोडली, ठेचा इकडून तिकडे गेला. आणि जेवण झाल्यावर भिमाबाईने पदर पसरून एका बाटलीचे दोन सारखे वाटे केले, मग दुसरीचे दोन. दोघांपैकी एकाची तरी खरी असेल, म्हणजे दोन्ही पोरांच्या पोटात थोडं थोडं औषध जाईल, असा हिशेब. पोरांना यातलं काही माहीत नव्हतं.

मला कळलं ते पुढच्या खेपेला, तेही व्हरांड्यात, दोन्ही पोरांसकट सगळ्यांसमोर. भिमाबाई डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टरीनबाई, या बारीनं दोघाईच्या गोळ्या एकाच डब्यात द्या. आमची वाटायची मेहनत वाचते."

डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. चाचणीचा नियम मोडला होता. दोघांचीही नावं काढावी लागणार, गोळ्या बंद.

अश्वजितच्या तपासण्या नुकत्याच स्वच्छ यायला लागल्या होत्या. तो ओरडला, "माय, माहं औषध लोकाईले वाटलं तू? आता मी कोनाच्या भरवशावर राहू?"

कुणाच्या पोटात नेमकं काय गेलं हे तब्येतीसाठी कळायला हवं, म्हणून कुणाला कोणती गोळी याची यादी ज्यांच्याकडे होती, त्यांना डॉक्टरांनी फोन करून विचारलं. खरी गोळी अश्वजितची होती. कुलदीपची रिकामी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोराच्या तोंडचं काढून परक्याला दिलं! भिमाबाईने लेकाकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले. मग तिने सत्यभामाबाईंचा हात धरला.

"मंग तुह्या कुलदीपले भेटली न थोडी? बरं झालं बाई."

सत्यभामाबाई तिथल्या तिथे वाकल्या आणि तिच्या पाया पडल्या. आमच्या भागात कोणत्या जातीने कुणाच्या पाया पडायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि इथे ते उलटं घडलं, त्यामुळे सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. मीही. एवढं मोठं मन कुठून आणते ही बाई, मला आजही कळलेलं नाही.

अर्ध्या औषधाने कुणाला गुण आला असं म्हणता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. समुपदेशनाला मात्र दोघेही येत राहा, म्हणाल्या.

अश्वजित खिडकीपाशी पाठ करून उभा होता. कुलदीप घुटमळत त्याच्याजवळ गेला. मला वाटलं, आता अश्वजित त्याच्या अंगावर जातो.

"गोळ्या त गेल्या बे," अश्वजित म्हणाला. "तलफ आली त मले फोन करजो. मले आली त मी तुले करीन."

"हाव," कुलदीप म्हणाला. "अन दोघाईले एकदमच आली त?"

अश्वजितने वळून आईकडे पाहिलं.

"मंग माय हाये न."