रशीदभाईंचा टायर

रबराचा भुसा कितीही झाडा, संध्याकाळी तो पुन्हा कोपऱ्यात असतोच! अण्णांच्या शेडमधल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून झाला की चार तोंडाशी येतात.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलला पुणे रस्त्यावर अण्णांनी टायर रिट्रेड करायची शेड काढली आणि मी तिथे बॉयलरवर लागलो. ड्रायव्हर लोक याला ‘रबर चढवणं’ म्हणायचे. झिजलेला टायर घासायचा, सोल्यूशन लावायचं, नवं रबर गुंडाळायचं आणि साच्यात घालून वाफेवर ठेवायचा. एक ड्रायव्हर सारखा घाई करायचा, “काढा ना अण्णा, झाला असेल!”

अण्णा म्हणाले, “घरी बायकोला सांगतोस का, मोदक कच्चेच वाढ म्हणून?”

गडी गुपचूप बाकावर जाऊन बसला.

पण धंदा काही उभा राहीना. कारण एकच, रशीदभाई! घाटातला सगळ्यात जुना ट्रक ड्रायव्हर. त्यांनी रबर चढवलं असतं तर अख्खा स्टँड मागोमाग आला असता. आणि नाही चढवलं, तर शेडला कुलूप घालून अण्णांना पुन्हा दुसऱ्याच्या गॅरेजात पाने फिरवायला जावं लागणार होतं. रशीदभाई रोज चहाला थांबायचे आणि रोज टोमणा मारायचे.

“अण्णा, म्हाताऱ्याला नवा कोट शिवला म्हणून तो काय पळायला लागतो?”

“हाडं धड असली तर पळतो, रशीदभाई!”

“माशाअल्ला! मग तुम्हीच पळा.”

असे दोघं. चहा मात्र एकाच किटलीतला.

विचुंब्याचे नामदेव पाटील रबरी चाकांची बैलगाडी घेऊन आले. टायर दाखवून म्हणाले, “अण्णा, आमी भात वाहतो. गाडीला इंजिन नाय, बैल हाय. गॅरंटी किती देशाल?”

“बैलाची तुम्ही द्या, टायरची मी देतो!”

पाटलांनी बैलाकडे बघितलं आणि म्हणाले, “नको. मंग राहू द्या गॅरंटी.”

एकदा तर एक ड्रायव्हर सुटलेली रबराची पट्टी गळ्यात हारासारखी घालून आला. “अण्णा, हे तुमचं काम! घाटात सुटलं. मेलो असतो!”

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी टायर आतून चाचपला, काळवंडलेली बाजू बघितली आणि शांतपणे विचारलं, “हवा कधी भरली होतीस?”

“दसऱ्याला. पूजेच्या आधी.”

बाहेर होळीची लाकडं रचत होते!

आम्ही हसून लोळलो. अण्णा मात्र हसले नाहीत, कारण रशीदभाई तिथेच बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि ते निघून गेले.

आणि मग एका सकाळी रशीदभाई स्वतः टायर गडगडवत शेडमध्ये आले! मागे चार-पाच ड्रायव्हर, तमाशा बघायला. आम्हाला तर देव पावला. मी बॉयलरमध्ये जादा लाकडं सारली.

अण्णांनी टायर दिव्याखाली धरला. आत हात घालून गोल फिरवला. एका जागी हात थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच थांबला.

“रशीदभाई, आतले धागे तुटलेत. याला मी रबर चढवणार नाही.”

“काय?”

“वरून झकास दिसेल. घाटात फुटेल.”

रशीदभाई भडकले. “इतकी वर्षं माझ्या मागे लागलात, अन् आज चारचौघांत मला परत पाठवता?”

“हो,” अण्णा म्हणाले आणि टायर त्यांनी दाराबाहेर नेऊन ठेवला.

रशीदभाई तरातरा निघून गेले. मागोमाग ड्रायव्हरही पांगले. मला रडूच आलं. बॉयलर विझवायला मी आतली आग बाहेर ओढायला घेतली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. रशीदभाईंनी ट्रक रिव्हर्समध्ये घेत थेट शेडच्या दाराशी आणून लावला होता. ते खाली उतरले आणि किल्ली अण्णांच्या हातात ठेवली.

“सगळे उतरवा. ज्याला नाही म्हणाल तो फेकून देईन, ज्याला हो म्हणाल त्याला रबर चढवा. मी घरी जाऊन झोपतो.”

आणि टांगा थांबवून खरंच गेले की!