हात माझाच होता

"मार," ओट्यावरून पाटलीणबाई म्हणाल्या. "तूच मार. मी शिवली तर मले आंघोळ करा लागन."

मी मारलं.

बाजारहत्नूरजवळचं आमचं गाव. ऐंशीनंतरची वर्षं. वेचणीचे दिवस, पाटलाच्या घरात एक खोलीभर कापूस. त्या ढिगावर दोन पोरी उड्या मारत होत्या. एक पाटलीणबाईंची नात. दुसरी माझी मुलगी, चार वर्षांची. बाईंनी नातीला कडेवर घेऊन तिच्या केसांतला कापूस वेचला. माझ्या पोरीला मलाच अंगणात ओढत आणायला लावलं.

आमच्या वस्तीतल्या लेकराला पाटलाच्या घरचे शिवत नसत. मारायलासुद्धा नाही. त्यांचा राग आमच्याच हातांनी आमच्या लेकरांवर निघायचा. याच अंगणात माझ्या बापानं मला झोडलं होतं. असंच, हुकमानं.

मारता मारता हातातली पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी मोडली.

"हळू मारून राह्यली," पुन्हा ओट्यावरून. "आमाले काय आंधळं समजतं का वं?"

मग हातानं मारलं. कानाखाली, सगळा जोर लावून. पोर तोंडावर मातीत पडली. कानातून रक्त आलं, पातळ, गळ्यापर्यंत.

"बस," बाई म्हणाल्या.

मी थांबले नाही. हे कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. शेवटच्या दोन थपडांचा हुकूम नव्हता. त्या माझ्या होत्या. आणि मारताना मला बरं वाटत होतं.

त्या कानानं तिला परत ऐकू आलं नाही. घरी सांगितलं, पायरीवरून पडली. पुढे तीही तेच सांगायला लागली.

नव्वदनंतर मी अंगणवाडीत मदतनीस झाले. एक दिवस पाटलांच्या घरातल्या एका लेकराला एका मजुरणीची पोर चावली. पाटलीणबाई अंगणवाडीच्या दारात आल्या, उंबऱ्याबाहेरूनच त्या मजुरणीला म्हणाल्या, "मार."

तिनं हात उचलला. मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी फुटली, काच रुतली, तिचंच रक्त निघालं.

"नाही मारायचं."

"तू कोण वं?" पाटलीणबाई हसल्या. "सोताच्या पोट्टीचा कान फोडला, आन आता आमाले लेकरं वाढवाले शिकवतं?"

दारातल्या बायाही हसल्या. बोलणं खरं होतं.

मग लेकरं वाढवणं शिकायचंच ठरवलं. मी सातवीत शाळा सोडलेली. घरी बसून पदवी देणाऱ्या मुक्त विद्यापीठाची, शाळा पुरी न झालेल्यांसाठी पात्रता परीक्षा होती, ती दिली. पास झाले. मग आदिलाबादच्या अभ्यास केंद्रावर गेले. सोबत मुलगी, अर्ज तीच भरत होती. विषय सांगितला: मानव विकास आणि कुटुंब अभ्यास.

खिडकीतले बाबू म्हणाले, "मावशी, याला डिग्री कशाला? तुमच्या लोकांत तर दोन थपडा दिल्या की लेकरू वाढतं."

दोन थपडा. खिडकीत शाईची दौत होती. ती त्यांच्या दातांवर फोडायची होती मला. हात उठलाही. तोच हात मी अर्जावर आपटला.

"हाच विषय लिहा."

परत येताना इचोड्याला बस थांबली. मुलगी माझ्याकडे ऐकू येणारा कान करून बसली होती.

"माय, हे तू माह्यासाठी करून राह्यली का?"

"हो."

"कान परत येत नाही."

"माहीत आहे."

"मंग माफ केलं, असं समजू नको."

"समजत नाही."

राज्य तेलुगू भाषेचं, म्हणून पुस्तकं तेलुगूत आली. अक्षर अक्षर लावून वाचते. अभ्यासासाठी एका कुटुंबाचं निरीक्षण लिहून द्यायचं होतं. मी माझंच लिहिलं. हुकूम ओट्यावरचा होता, हात माझा होता, शेवटच्या दोन थपडा फक्त माझ्या. कानाचं कारण मात्र पायरीच लिहिलं. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पायरी खोड." पायरीवरून पडल्याची ओळ मी खोडली.

आता ते त्या ओट्यासमोर उभी राहून वाचणार आहे. मोठ्यानं, बायांसमोर. लाज वाटेल, ती माझी. आणि त्या अंगणात यापुढे जी आई हुकमानं हात उचलेल, तिचं मनगट मी धरणार. बांगड्या फुटतील. फुटू देत.