सोडलेला राऊंड

बोईसरच्या मासळी बाजारामागे कमलेशचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. पुढे कव्हरं, आणि मागच्या अंधाऱ्या भागात एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन. दोन दांडे, दोन्हीकडे बटणं आणि पडद्यावर एकमेकांना बदडणारे दोन गडी. असली मशीनं बाकी सगळीकडून कधीच भंगारात गेली. हे टिकलं, कारण कारखान्यातली पोरं सुट्टीच्या दिवशी त्याच्यापुढे रांग लावतात. त्याच रांगेत मुरबे गावची मासेवाली सुगंधामावशी उभी असते, पदर खोचून, रिकामी पाटी पायाशी ठेवून.

मासे विकून झाले की एसटी येईपर्यंत टेकायला म्हणून ती इथे यायची. बघता बघता एक दिवस दांडा हातात धरला आणि बाई त्या खेळाच्या नादालाच लागली. पन्नाशी उलटली तरी हे असले धंदे, असं गावात बोललं जातं. बोलू देत. "मी काय त्यांच्या घरात जाऊन खेलते?" एवढं म्हणून ती विषय संपवते.

बाकीची पोरं दांडा पुढे रेटतात आणि दिसेल ते बटण बडवत सुटतात. मावशी दांडा मागे ओढून धरते. तसं धरलं की आपला गडी हात आडवे करून मार अडवतो. वरून उडी आली तर उभ्यानं अडवायची, खालून लाथ आली तर बसून. समोरच्याची लाथ फुकट गेली, की तो सावरायच्या आत हाणायचं. मासे कापायची तिची मोरली पायाखाली दाबलेली असते, पातं आभाळाकडे. "मोरली जागची हलते का?" ती पोरांना विचारते. "मासाच तिच्यावर येतो."

इतकं सगळं होतं, तरी एका गोष्टीनं तिचं डोकं फिरायचं. त्या दुकानात एक रीत पडली होती: समोर बाई असली की पहिला राऊंड सोडायचा. आपला गडी मुद्दाम पुढे न्यायचा, मार खाऊ द्यायचा, वर "वा मावशी, भारी!" म्हणायचं. पुढचे दोन राऊंड मात्र हसत हसत, एका हातानं जिंकायचे. कोणी वाईट हेतूनं करत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत. भांडणार कोणाशी? पण आपण खरंच किती पाण्यात आहोत हे तिला कळतच नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

त्या रविवारी समोर प्रदीप आला. हा जळगावकडचा, केमिकल कारखान्यात फिटर, आणि या मशीनवर त्याला हरवणारा कोणी नव्हता. मावशीनं आधीच बजावलं, "राऊंड सोडाचा नाय. सोडलास तर मी खेलनार नाय."

"नाही सोडत हो मावशी," प्रदीप म्हणाला, मागे वळून पोरांना डोळा मारला आणि खेळ सुरू होताच आपला गडी हात खाली सोडून सरळ तिच्यापुढे आणून उभा केला.

मावशीनं दांडा सोडला. बटणं सोडली. हाताची घडी घातली.

पडद्यावर दोन गडी समोरासमोर नुसते उभे. वरचं घड्याळ उलटं धावतंय. मागची पोरं ओरडायला लागली, "अरे मारो ना!" कमलेश गल्ल्यावरून उठून आला. "मावशी, तुमची एसटी निघंल."

"निघू दे."

वेळ संपली. राऊंड कोणाचाच नाही. दुसरा सुरू झाला आणि मावशीची घडी सुटली नाही. आता प्रदीप तिच्याकडे वळला.

"मावशी, बाईमाणसाला धुतलं म्हणून ही पोरं मलाच हसतील."

"बाईला कुठं मारतस? पडद्यावरच्या बाप्याला मार. नायतर ऊठ, दुसरा कोनी खरा खेलनारा बसंल."

हे मात्र लागलं. प्रदीपनं बाह्या सरसावल्या आणि उडी मारून अशी लाथ घातली की मावशीचा गडी मागच्या कोपऱ्यात जाऊन पडला. मावशी घडी सोडून दांड्यावर वाकली. तो राऊंड त्यानं घेतला. पुढच्यात त्याच्या तीन उड्या तिनं अडवल्या, चौथीला खालून ठोसा हाणून त्याला हवेतच गाठलं आणि राऊंड घेतला. मागची पोरं पडद्याजवळ सरकली.

शेवटच्या राऊंडला दोघांचाही जीव नखाएवढा उरला. मावशीनं दांडा मागे धरून ठेवला, त्याच्या लाथेची वाट बघत. लाथ आलीच नाही. प्रदीप अडवलेल्या हातांना न जुमानता थेट अंगाला भिडला, तिच्या गड्याला धरलं, डोक्यावरून उचललं आणि आपटलं. हा डाव तो फक्त पक्क्या खेळाडूंवर काढायचा. मावशीवर आजवर काढायची त्याला गरजच पडली नव्हती.

"गेली! गेली!" प्रदीप मशीनवर मूठ आपटून किंचाळला, शेजारच्या पोराला मिठी मारली, आणि मग एकदम भानावर आला. मान खाली घालून म्हणाला, "सॉरी मावशी."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा ऊर भरून आला होता. तिला हरवल्याचा आनंद या दुकानात आजवर कोणालाही झाला नव्हता.

"सॉरी कसलं रे," ती म्हणाली. "पुन्ना लाव. आता तुजी खैर नाय."