चीफचा हातचा

चीफ मुल्लाणींच्या थर्मासमधला चहा नेहमी संपलेला असे. "संपला की," असं ते सगळ्यांसमोर सांगत आणि मग चारच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून एकटेच कपभर पीत. स्कूटर मागितली की टाकीत पेट्रोल नसे. त्याच स्कूटरवरून ते शनिवारी थेट मुरगूडला, घरी जात. आता ते तिकडे कायमचे राहायला गेलेत आणि आमच्या ऑफिसात चहा उरतो.

हे ऑफिस राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर. समुद्र घाटापलीकडे, पण कुठल्या जहाजाने किती तेल जाळलं, किती धूर सोडला, हे आम्ही इथे बसून तपासतो. जहाजावरचा चीफ इंजिनियर रोज दुपारी आकडा कळवतो, इंजिनाचं मीटर आपला आकडा परस्पर पाठवतं. दोन्हींत मोठा फरक पडला की पडद्यावर लाल खूण उमटते. ती मग बंदरवाल्यापासून माल पाठवणाऱ्यापर्यंत कोणालाही दिसते. मुल्लाणींची उभी हयात जहाजांवर चीफ म्हणून गेली होती. निवृत्त होऊन ते आमच्याकडे तपासनीस झाले, तेव्हा स्वतःच म्हणाले होते, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात.

कारण चीफ लोकांची जुनी रीत त्यांनीच मला सांगितली होती. रोज जळतं त्याहून थोडं जास्त जळलं असं कळवायचं आणि वाचलेलं तेल टाकीत गुपचूप ठेवायचं. वादळात तेच जाळायचं, नोंद कुठेच नाही. "हातचं राखल्याबिगर समुद्रात जाऊ नये, मास्तरीण," ते मला म्हणत; मी सारखी आकडे तपासते म्हणून मास्तरीण. "वादळ काय तुझ्या मीटरला इचारून येतंय व्हय?"

एका पावसाळ्यात लाल खूण उमटली. वादळातून गेलेल्या एका जहाजाने मीटरपेक्षा कितीतरी कमी तेल कळवलं होतं. धूर आभाळात गेला होता, हिशेबात नव्हता. त्या जहाजावरचा चीफ होता अल्ताफ, मुल्लाणींच्या बहिणीचा मुलगा. त्यांनीच हाताला धरून या धंद्यात आणलेला आणि नुकताच चीफ झालेला. खूण कायम झाली तर त्याचं पद जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, मीटरही कधी कधी चुकतं, उद्या बघू. मला खरंच त्यांची दया आली होती. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले.

"मीटर बरोबर हाय. लिही."

मी लिहिलं.

"आता त्याच्याखाली लिही, ही रीत त्याला मामानं शिकवली. माझं नाव घाल."

अल्ताफला चीफवरून खाली उतरवलं. त्याने मामूंचे फोन घेणं सोडलं. सुट्टीवर आला तरी मुरगूडला फिरकला नाही. चीफ मात्र रोज सकाळी त्याचं जहाज पडद्यावर शोधून काढत, "जेवलीस का गं बाई?" असं त्या ठिपक्याला विचारत, जहाजाला ते बाईच मानत, आणि मग कामाला लागत. त्या दिवसांत थर्मास खरोखरच रिकामा असे. मी उचलून बघितला होता.

पुढे अल्ताफ पुन्हा चीफ झाला आणि काही दिवसांतच त्याच्या जहाजाला वादळाने गाठलं. दुपारी आकडा आला. मीटरशी बरोब्बर जुळला. शेऱ्याच्या जागी त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'तेल लई जळलं. हातचं काय न्हाय ठेवलं. मामूला सांगा, बंदराला लागलो की फोन करतो.'

चीफनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा काढून रुमालाने पुसला. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. मग थर्मास उघडून माझ्यासमोर काठोकाठ कपभर चहा ओतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी विचारलं, आणि तुम्हाला?

"संपला की," म्हणत त्यांनी झाकण लावलं आणि थर्मास टेबलाखाली ठेवला. आतला चहा चांगला डुचमळलेला मला ऐकू आला.